एस-७ म्हणजे कोणतं गाव?

परवा पुन्हा एक पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ऊर्जा, पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयावर एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र. पत्रिका इंग्रजीत, पाठोपाठ फोन मात्र मराठीत. "भाऊ, याच बरं का. आणि फोटो जरा मोठा लागला पाहिजे यावेळी."

एकवीस वर्षं झाली मला चंद्रपूर जिल्ह्यात बातमीदारी करून. अशा चर्चासत्रांच्या किती बातम्या लावल्या त्याचा हिशेब नाही. बातमीचा साचा ठरलेला. दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, मंचावर कोण कोण, बीजभाषण कुणाचं, संचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. मधे एक ओळ, 'मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले.' ही ओळ मी शेकडो वेळा लिहिली आहे. काय मार्गदर्शन केलं ते मला तरी कुठं माहीत असायचं? दीप लागला, फोटो झाला, की मी चहा घेऊन पुढच्या कार्यक्रमाला. कधी थांबलोच तर जेवणासाठी. तेव्हा आज जे लिहितोय त्यात पहिला दोष माझा, हे आधीच कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका चर्चासत्रात पाऊस लागला म्हणून अडकलो. बाहेर पडता येईना, मग मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. दुसरं तांत्रिक सत्र सुरू होतं. एक मुलगी, पीएचडी करणारी, भूजलावर शोधनिबंध वाचत होती. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर ठिपके. एस-१, एस-२, असे बारा-पंधरा ठिपके. काही हिरवे, काही लाल. लाल म्हणजे फ्लोराइड प्रमाणापेक्षा जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग, आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हाडं, सांधे. सगळं इंग्रजीत चाललं होतं. आठ मिनिटं झाली, अध्यक्षांनी घंटी वाजवली, टाळ्या, पुढचा निबंध.

चहाच्या वेळी कॉलेजचे शिपाईमामा ट्रे घेऊन माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, थे एस-सात म्हणजे आमचंच गाव हाय ना जी? त्या मॅडम पाणी न्यायले आल्या होत्या. बोरिंग मीच दाखवली होती त्याइले. लाल काहून केलं मग?"

मामा सत्रभर दाराशी उभे होते. इंग्रजी कळलं नव्हतं. पण नकाशावर नदीचं वळण आणि रेल्वेची रेघ ओळखू आली, आणि त्या दोघांच्या मधला ठिपका लाल आहे एवढं कळलं. गावातल्या पोरांचे दात का पिवळे, हा प्रश्न त्या गावात दहा वर्षांपासून आहे. उत्तर मामांच्या डोक्यावरून आठ मिनिटांत निघून गेलं, आणि विचारायला त्यांनी कुणाला गाठलं? तर फोटो काढायला आलेल्या माणसाला.

मी त्या मुलीकडे गेलो. ती घाबरली. "सर, गावांची नावं मी सांगू शकत नाही. गाइडना विचारावं लागेल. तुम्ही पेपरमध्ये लिहू नका प्लीज." मी नाही लिहिलं. त्या दिवशीची माझी बातमी काढून पाहिली आत्ता. दीपप्रज्वलन आहे, शाल-श्रीफळ आहे, मौलिक मार्गदर्शनही आहे.

आता आपल्या जिल्ह्याबाहेरचे वाचक असतील तर त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट कारखाने. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात आपण ८३.८८ गुण मिळवून देशात चौथे आलो. एवढ्या वर नंबर आपला दुसऱ्या कशात आल्याचं मला तरी आठवत नाही. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर काही काळ बंदीसुद्धा आली होती. त्यामुळे संशोधकांना आपला जिल्हा म्हणजे भरलेलं ताट. हवा, पाणी, राख, वाघ, उष्णता, काय पाहिजे ते घ्या. लोक येतात, नमुने घेतात, मुलाखती घेतात, फॉर्म भरून नेतात. एका गावच्या सरपंचबाई मला म्हणाल्या होत्या, आमच्या गावात पाहुण्यांपेक्षा सर्वेवालेच जास्त येतात. पाहुणा निदान पोहोचल्यावर फोन तरी करतो.

त्या चर्चासत्रानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याच परिसरात एका खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली. मोठा मांडव, कूलर, पाण्याच्या बाटल्या, बंदोबस्त. जनसुनावणी म्हणजे काय ते अनेकांना माहीत नसतं. २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेत ती आहे. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी, आणि हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा हक्क. गणपूर्तीची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी होऊ शकते. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मराठी सारांशाची भाषा अशी की वाचून झाल्यावर इंग्रजी बरी वाटते.

मामांच्या गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. एक म्हातारे उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या धुळीनं न् राखेनं आमच्या पोट्ट्याइचे दात खराब झाले. आधी त्याचं काय ते सांगा." मांडवात टाळ्या पडल्या. कंपनीचा सल्लागार शांतपणे उठला. म्हणाला, दातांवर डाग फ्लोराइडमुळे येतात, फ्लोराइड इथल्या खडकातून पाण्यात उतरतं, खाणीशी त्याचा संबंध नाही, सरकारी भूजल अहवालांतही या जिल्ह्यातल्या फ्लोराइडची नोंद आहे. बसला खाली. म्हातारे गोंधळले. पुढचे तीन-चार जण दातांवरच बोलणार होते, त्यांनी माइकच घेतला नाही.

आणि सल्लागार खोटं बोलत नव्हता! हेच मला जास्त लागलं. गावाची खरी तक्रार वेगळी होती. कोळशाचे ट्रक गावातून जातात, ताडपत्री नसते, कापसाच्या बोंडावर काळी पूड बसते, शाळेसमोरच्या रस्त्यावर धूळ इतकी की पोरांना दिवसा खिडक्या लावून बसावं लागतं. स्फोटांनी भिंतींना भेगा आहेत. विहिरींची पातळी उतरली आहे. या एकेका गोष्टीवर सल्लागाराला घाम फुटला असता. पण गावाने सगळा जोर लावला तो नेमका चुकीच्या मुद्द्यावर, कारण बरोबर मुद्दा कोणता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या मुलीला ते माहीत होतं तिने आठ मिनिटांत इंग्रजीत वाचून दाखवलं होतं, तिथून बारा-चौदा किलोमीटरवर, एसी हॉलमध्ये, साठ प्राध्यापकांसमोर. त्यातले अर्धे आपला नंबर कधी येतो ते बघत होते.

एकाच तालुक्यात दोन मांडव. एकात माहिती आहे पण माणसं नाहीत, दुसऱ्यात माणसं आहेत पण माहिती नाही. मी दोन्हीकडे बसलेला, आणि माझ्याही डोक्यात ही जोडणी त्या दिवसापर्यंत झाली नव्हती.

प्राध्यापकांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि कमेंटमध्ये तुम्ही त्या घालणार हेही माहीत आहे. पण जरा थांबा. ही चर्चासत्रं कशासाठी होतात ते बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधनाचे गुण ठरवून दिले आहेत. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर ७ गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. आता कळलं, आपल्या तालुक्याच्या गावात 'आंतरराष्ट्रीय' परिषदा का होतात ते? नेपाळमधला एक पाहुणा ऑनलाइन जोडला की दोनाचे पाच होतात. शिवाय नॅकच्या फायलीत चर्चासत्रांचा आकडा लागतो. त्या यादीत 'गावच्या पारावर मराठीत बोलला' याला गुण नाही. ज्याला गुण नाही ते करायचं कुणी आणि कधी? कॉलेजात निम्मी माणसं तासिका तत्त्वावर. पगार वेळेवर नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही माहीत नाही. अशा माणसाने गावात जाऊन सांगायचं की तुमच्या हवेत अमुक इतकी धूळ आहे, आणि त्याच चर्चासत्राच्या पिशवीवर कुण्या कंपनीचं 'सौजन्य' छापलेलं. त्या मुलीने गावाचं नाव का सांगितलं नाही ते मला समजतं.

एक आक्षेप मात्र मला मान्य नाही, तो म्हणजे 'लोकांना हे कळणार नाही.' हा मी चांगल्या चांगल्या विद्वानांकडून ऐकला आहे. वर 'अर्धवट कळलं तर उगाच घबराट पसरेल' ही पुस्ती. मामांना इंग्रजीचा एक शब्द न कळता नकाशा कळला. आणि घबराट आधीपासूनच आहे, फक्त ती भलत्या दिशेला जाते.

कळतं कसं त्याचं एक उदाहरण. त्याच चर्चासत्रात बफेच्या रांगेत एका पाहुण्या प्राध्यापकांनी मला सहज सांगितलं. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आपल्या कोळशात ३५ टक्क्यांच्या आसपास राख. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख. ज्या घरात महिन्याला १०० युनिट वीज जळते त्या घराच्या नावावर महिन्याला २५ किलो राख, सिमेंटची अर्धी गोणी. ही गोष्ट मी घरी सांगितली. माझ्या आठवीतल्या पोरानं लगेच विचारलं, "बाबा, मग मुंबईवाल्यांची राख कुठं ठेवतात?" मी म्हटलं, "आपल्याकडे." पोरगा गप्प झाला. बीजभाषणातलं मला काही आठवत नाही, हे मात्र अजून डोक्यात आहे. हे वाक्य माइकवर का नव्हतं? भाताच्या रांगेत का होतं?

आपल्याकडे परंपरा नाही असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. विद्वानांनी लोकांसमोर, लोकांच्या भाषेत बोलायचं. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर ग्रामसफाई आणि आरोग्य समजावलं. लोक रात्र रात्र बसले.

शेजारचं नाही, जरा लांबचं बघा. केरळ शास्त्र साहित्य परिषद, १९६२ ची. विज्ञान मल्याळममध्ये लिहिणाऱ्या लोकांनी काढलेली. सत्तरच्या दशकात सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प यायचा होता. परिषदेतल्या प्राध्यापक-शिक्षकांनी नुसतं जंगल वाचवा म्हटलं नाही. अभ्यासगट बसवला आणि मलबारला वीज किती लागते, ती दुसरीकडून कशी मिळेल, याचा विचार मांडला, छापला आणि गावोगाव नेला. प्रकल्प रद्द झाला, १९८४ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्यातलं प्रत्येक मत बरोबर होतं का, यावर वाद घाला खुशाल. पण वाद घालायला माहिती लोकांच्या हातात होती.

उलट उदाहरण आपल्याच राज्याच्या दाराशी आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला. लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर, आणि इंग्रजीत. अहवालाचा मूळ आग्रह काय, तर निर्णय ग्रामसभेपर्यंत न्या. पण ग्रामसभेने तो वाचायच्या आधी 'घरावर कौल बदलता येणार नाही' अशा अफवा तिथं पोहोचल्या होत्या. अफवा नेहमी मराठीतच असतात, हा त्यांचा मोठा फायदा.

आता सध्याचं घ्या. वीज केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी करणारी यंत्रणा, एफजीडी म्हणतात तिला. धूर चुनखडीच्या पाण्यातून धुऊन काढायचा, असं ढोबळमानाने समजा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने नियम केला की दोन वर्षांत बसवा. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या, म्हणजे अतिप्रदूषित पट्ट्यातल्या किंवा हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांजवळच्या केंद्रांचं प्रकरण एकेक करून तज्ज्ञ समितीपुढे ठरवायचं असं आहे. यंत्रणा बसवावी असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. खर्च मोठा, वीज महागेल, आपल्या कोळशात गंधक कमीच आहे असं म्हणणारेही शास्त्रज्ञच आहेत. दोघांनाही ऐकायला मला आवडेल, पण गांधी चौकात, संध्याकाळी सात वाजता, मराठीत. माझ्या तालुक्यात यावर एकही जाहीर व्याख्यान झालेलं नाही. आपल्या नाकाचा प्रश्न आहे आणि आपण सोडून सगळे त्यावर बोलतायत.

आता त्या मुलीचं सांगतो. जनसुनावणीनंतर मी तिला फोन केला, झालेलं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग तीन आठवड्यांनी एका रविवारी स्वतःहून आली. गाइडना विचारून आली की न विचारता, हे मी विचारलं नाही. मामांच्या गावी देवळाच्या पारावर बसलो. तीस-पस्तीस माणसं, बाया मागे ओट्यावर. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. तिने गावाचा नकाशा खडूने फरशीवर काढला. ती स्वतः खेड्यातलीच निघाली, एकदम गावच्या बोलीत शिरली. म्हणाली, हे खडकातून येते, राखेतून नाही. खोल बोरिंगमध्ये जास्त आहे. नाल्याजवळच्या जुन्या विहिरीत तेवढं नाही. लहान लेकरांना त्या विहिरीचं पाणी द्या, पण आधी विहीर उपसा, आणि पाणी तपासून घ्या, ग्रामपंचायतीला अर्ज करा, अर्ज मी लिहून देते.

मग प्रश्न सुरू झाले. दोन तास. एका बाईने विचारलं, पाणी उकळलं तर जाते का? नाही जात, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढते. पारावर कुजबुज झाली, कारण अर्धं गाव तेच करत होतं. एकाने सौर पंपाचं विचारलं, पॅनेलवर कोळशाची पूड बसते, वीज कमी येते का? येते, आठवड्यातून एकदा तरी ओल्या फडक्याने पुसा. हा तिचा विषय नव्हता, तरी सांगितलं. आणि तेच म्हातारे, जनसुनावणीतले, शेवटी म्हणाले, "हे तू आधी सांगतली असती बाई, तर मी तिथं ट्रकावर बोललो असतो."

तिने मान खाली घातली. माझी तर आधीच खाली होती.

विहीर उपसली गेली. पाणी तपासायला गेलं, अहवाल यायला वेळ लागला पण आला, आता लहान पोरांसाठी तिथलं पाणी भरतात. ट्रकांचं अजून तसंच आहे. खाणीच्या विस्ताराचं कागदोपत्री पुढे सरकलं आहे.

म्हणून परवा फोन आला तेव्हा मी प्राचार्यांना म्हटलं, सर, फोटो मोठा लावतो. पण मला तीन गोष्टी द्या. एक, दुपारचं एक सत्र मराठीत ठेवा आणि ज्या गावांतून नमुने घेतले तिथल्या लोकांना बोलवा. दोन, प्रत्येक शोधनिबंधाचं एक पान मराठीत, एस-१, एस-२ नको, गावाचं नाव घालून. नाव छापणं अडचणीचं असेल तर निदान त्या विहिरीच्या मालकाला तरी निकाल द्या, पाणी त्याचं आहे. तीन, पुढची जनसुनावणी जाहीर होईल तेव्हा त्या ३० दिवसांत तुमच्या एखाद्या प्राध्यापकाने तो सारांश गावात बसून वाचून दाखवावा. बाजू कुणाचीच घेऊ नका, फक्त वाचा आणि समजावा.

सर भले आहेत. "बघतो" म्हणाले. तिसऱ्याला "ते जरा अवघड आहे" म्हणाले. पहिल्यावर म्हणाले, "लोक येतील का पण? आपण ठेवायचं आणि रिकाम्या खुर्च्या."

ही शंका त्यांची खोटी ठरवणं आपल्या हातात आहे. पुढच्या शनिवारी सकाळी साडेदहाला आहे कार्यक्रम. मी दीपप्रज्वलनाला नाही, दुसऱ्या सत्राला जाणार आहे, शेवटपर्यंत बसणार आहे, आणि कुठल्या गावाचं काय निघालं तेवढीच बातमी करणार आहे. मामांनाही सांगितलंय, त्या दिवशी ट्रे दुसऱ्याकडे द्या आणि माझ्या बाजूला बसा. ते हसले, म्हणाले, "पाहू जी, साहेबाइनं बसू देलं तर."

ज्यांच्या गावातून गेल्या चार-पाच वर्षांत कुणी पाणी, माती, राख नेली असेल त्यांनी खाली गावाचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहा. यादी करून घेऊन जातो. यायचं असेल तर थेट या. प्रवेश सर्वांना खुला आहे असं पत्रिकेत लिहिलेलं नाही, पण बंद आहे असंही कुठं लिहिलेलं नाही.